अंगठीची किंमत वाढवताना

रात्रीचा दीड. अंबडला तिसरी पाळी लागली आहे
आणि पाथर्डी फाट्याच्या माझ्या खोलीत
तक्त्यातला एक चौकोन लुकलुकतो आहे :
अग्निमुद्रिका. कोळसा तीन, चंद्रकथील एक.

हा एक मी दोन केला
की चौदा हजार माणसांच्या बोटांतली आग महागते.
एवढंच माझं काम.
आई शेजारणींना सांगते, हिशेबाचं बघते.

मार्चमध्ये मी हात सैल सोडला होता.
म्हटलं, घडवू देत, कुणाला नको असते जादू?
तीन आठवड्यांत चौकाचौकात
सोन्याचा धूर निघाला, अगदी खराखुरा,
कारण कोळसा संपल्यावर लोक भट्टीत सोनं घालू लागले.
काल आलेलं पोरगंसुद्धा
दहा बोटांत दहा अंगठ्या घालून यायचं
आणि सात डोक्यांच्या राक्षसाला
वाढदिवसाच्या मेणबत्तीसारखं विझवायचं.
राक्षस बिचारे. रोज सकाळी त्यांच्या मरणाचा आकडा बघताना
मला त्यांचीच बाजू घ्यावीशी वाटायची.

अति तिथं माती म्हणतात.
आमच्याकडे मातीचीही अंगठी करून विकली कुणीतरी.

शनिवारी भद्रकालीत गेले, आईचं पातेलं घेऊन.
यासीनभाईंनी ते निखाऱ्यावर फिरवलं,
नवसागराची चिमूट टाकली, नाकात धूर गेला,
कथलाची कांडी टेकवली नुसती
आणि कापसाचा बोळा एकदा गोल फिरला.
काळ्या पितळेत चंद्र उगवला.
मी पगार घेऊन जादू करते
आणि मला टाळी वाजवावीशी वाटली.

किती दिवस टिकेल?
"आंबट शिजवलं तर लवकर जाईल."
न जाणारी नाही का करता येत?
त्यांनी भाता थांबवला.
"कायमचं पाहिजे तर स्टील घ्या, ताई.
कथलाचा भाव बघा कुठं गेलाय."

रिक्षात, मांडीवर गरम पातेलं,
द्वारकेच्या सिग्नलला नियम सुचला :
शंभर वेळा वापरली की अंगठी काळी पडेल.
पुन्हा भट्टीशी जा, पुन्हा कथील आण.
किती सोपं. किती आधी सुचायला हवं होतं.

आता दीड वाजता नियम लिहून झाला आहे
आणि कुणाला किती झळ बसेल ते तपासताना
एक नाव वर आलं आहे : भालदेव सिन्नरकर.
घडवलेल्या अंगठ्या अकराशे चाळीस.
विकलेल्या शून्य.

शून्य? मी नोंदी उलगडते.
रोज पाऊण वाजता येतो, दुसरी पाळी सुटल्यावर असेल,
पहिल्या पुलाच्या कठड्याशी उभा राहतो
आणि नवख्या माणसाच्या हातावर एक अंगठी ठेवतो.
दोनला निघून जातो. राक्षस एकही मारलेला नाही.
मागे त्यानं मला लिहिलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं :
"मॅडम, दिवसभर बेअरिंगच्या रिंगा मोजतो.
इथं एखादी कुणाला देता तरी येते."

बाजार बुडवला तो ह्यानंही, थोडासा.
तक्ता तसंच सांगतो, आणि तक्ता खोटं बोलत नाही.

मी नियमाखाली एक ओळ वाढवते :
दिलेली अंगठी काळी पडणार नाही.
मला माहीत आहे, दोन दिवसांत लोक वाट काढतील,
देतो म्हणतील आणि पैसे मागच्या दारानं घेतील.
बुधवारी ही ओळ मलाच खोडावी लागेल.
सोमवार, मंगळवार तरी राहू दे.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाते.
ओट्यावर पातेलं, झाकण सरकवून बघते :
आईनं पहिल्याच दिवशी
त्यात चिंचेचं सार केलं आहे.